पाऱ्याचा गुडघा

त्याचं खरं नाव बायको घेत नसे आणि बाकीच्यांना ते ठाऊक नव्हतं. सगळे त्याला पारा म्हणत. चहा प्यायचा तर कप हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारत. लग्नाच्या फोटोत दोन्हीकडची माणसं अगदी ठसठशीत आली आहेत आणि नवरदेव तेवढा पुसट, असं त्याची बायको अजून सांगते. फोटोवाल्यानं हलू नका म्हटल्यावर नेमका तो मागं वळून मांडवाची दोरी बघत होता म्हणे.

असा माणूस फरशी बसवण्याच्या धंद्यात टिकला कसा, याचं आम्हा शेजाऱ्यांना नवल वाटायचं. ते काम बैठकीचं. दिवसभर गुडघ्यांवर राहायचं, थापीनं सिमेंटचा माल पसरायचा, फरशी ठेवायची, रबरी हातोडीनं हलके ठोके द्यायचे, लेव्हल लावून बघायची, की पुढची फरशी. पण पारा गुडघ्यांवर असला तरी सरकत असायचा. त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच्याबरोबर भागीत काम करायचा. कटरवर फरशा कापायचं काम त्याच्याकडे. तो सावकाश आणि जरा कुरकुऱ्या. पारा सकाळपासून त्याच्या मागं लागलेला असायचा आणि तरी दोघांचं बरं चाललं होतं.

एका नव्या इमारतीत ते काम करत होते. पारा एका अरुंद न्हाणीघरात होता. पलीकडच्या भिंतीपासून दाराकडे असं मागं मागं सरकत यायचं, म्हणजे ओल्या फरशीवर पाय पडत नाही. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. मालाची बादली त्याच्या पाठीमागं होती. ती ओढायला तो गुडघ्यांवरच कमरेतून गर्रकन वळला आणि उजव्या गुडघ्यात कट् असा आवाज झाला. कानांनी ऐकला की हाडांनी, ते त्याला सांगता यायचं नाही. पाय दुमडलेला होता तो तसाच राहिला. सरळ होईना.

आधी त्याला वाटलं पेटका आला असेल. चोळून पाहिलं. हातानं पोटरी धरून ओढली, तर डोळ्यांपुढे पांढरं झालं. समोर ओल्या फरशा आणि मागं उंबरा, त्याच्यावरून घसटत जायचं तर पाय तिथं आपटणार. शेजारच्या खोलीत मेहुण्याचं कटर किंचाळत होतं, त्यामुळं हाका ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. बादलीतला माल घट्ट व्हायला लागला होता. तेव्हा पाऱ्यानं काय करावं? हात पोचत होता तेवढ्या फरशा बसवून टाकल्या. घामानं सदरा भिजला होता, दातावर दात दाबले होते, पण माल वाया जाणं त्याला सहन होईना.

कटर थांबल्यावर मेहुणा आला. त्यानं पाऱ्याला पोत्यासारखं पाठीवर घेतलं आणि बाहेरच्या मोठ्या खोलीत आणून खाली ठेवलं. ठेवताना पाय जरा वाकडा झाला, आतून पुन्हा तसाच आवाज आला आणि गुडघा सुटला. पारा उभा राहिला. चार पावलं टाकून बघितली. थोडं दुखत होतं, बाकी काही नाही. मेहुणा त्याच्याकडे बघत राहिला. त्या न्हाणीघराचं काम किचकट आहे, दर परवडत नाही, अशी कुरबूर पारा सकाळीच करून झाला होता.

"भाऊजी, कंटाळा आला होता तर सांगायचं ना," मेहुणा म्हणाला.

ते वाक्य पाऱ्याच्या मनात खडा होऊन बसलं.

पुढं हे वरचेवर व्हायला लागलं. कधी बसच्या पायरीवर, कधी मोरीत, कधी नुसतं अंथरुणात कूस बदलताना. गुडघा अडकायचा, थोड्या वेळानं हलवता हलवता सुटायचा आणि मग लोक विचारायचे, काय झालं होतं? दाखवायला काही नसायचं. संध्याकाळी गुडघा सुजायचा, सकाळपर्यंत ओसरायचा. तेल झालं, शेक झाला, गल्लीतल्या प्रत्येकाचा एकेक उपाय झाला. शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. त्यात हाडं उत्तम निघाली. झीज नाही, तडा नाही, कुठं काही नाही.

पाऱ्याला आनंद व्हायला हवा होता. त्यानं ती काळी फिल्म खिडकीच्या काचेवर धरून आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवली, पण दाखवताना तोच हिरमुसायचा. एक्स-रेत हाडं दिसतात. हाडांच्या मधला मऊ भाग त्यात दिसतच नाही, तो तिथं असला काय आणि फाटला काय. हे त्याला तेव्हा कुणी नीट समजावलं नाही, आणि मेहुण्याला तर पुरावाच मिळाला. तो उघड काही बोलला नाही. पण पाऱ्याच्या गुडघ्याचा विषय निघाला की तो कटरचं पातं पुसायला घ्यायचा.

मग पारा काठी घेऊन चालायला आणि घरी राहायला लागला आणि घरच्यांचे हाल सुरू झाले. त्यानं गळत नसलेला नळ उघडून पुन्हा बसवला. कपाटाची दारं काढली, बिजागऱ्यांना तेल दिलं, दारं लावली, आणि दुसऱ्या दिवशी ती करकरतात का ते बघायला पुन्हा काढली. बायको कपड्यांच्या दुकानात फिटिंगचं काम करायची. ती घरी आली की तिला रोज काहीतरी जागचं हललेलं दिसायचं. एकदा तिचं शिलाई मशीनच त्यानं खोलून ठेवलं होतं.  दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांकडे गेली.

ते डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी पाऱ्याला उताणं झोपवलं, पाय दुमडला, टाच धरून बाहेरच्या बाजूला हळूच फिरवली आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाला, दोन हाडांच्या सांध्यावर, अंगठ्यानं दाबलं. पारा टेबलावरून उडालाच. डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. वरच्या आणि खालच्या हाडामध्ये दोन गाद्या असतात, चंद्रकोरीसारख्या. त्यातली आतली फाटली असावी आणि फाटलेला तुकडा मधूनमधून सांध्यात अडकत असावा.

"दाराच्या फटीत खडा अडकतो तसा?" पाऱ्यानं विचारलं.

"तसाच. पण हा माझा अंदाज झाला. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही. एमआरआय करून घेऊ."

त्या यंत्रासाठी रांग मोठी होती. तारीख लांबची मिळाली. तेवढे आठवडे पाऱ्यानं कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. तो दवाखान्यात फोन करून तारीख अलीकडे येते का विचारायचा, इतक्यांदा की पुढं पुढं फोनवरची बाई त्याच्या हॅलोवरूनच त्याला ओळखून नाही म्हणायला लागली.

अखेर तो दिवस आला. एमआरआयच्या खोलीबाहेर एक छोटी खोली होती, तिथं तंत्रज्ञ बाई बसल्या होत्या. पाऱ्यानं खिशातली टेप, किल्ल्या, अंगठी, कमरेचा पट्टा, कानामागची पेन्सिलसुद्धा काढून टोपलीत ठेवली. आत मोठं चुंबक आहे, ते कधी बंद नसतं, लोखंडाचा तुकडासुद्धा हवेतून ओढून घेतं, असं बाईंनी सांगितलं. मग त्या प्रश्न विचारू लागल्या. पेसमेकर आहे का, अंगात कुठं स्क्रू, पट्टी आहे का. पारा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत नाही म्हणत होता. त्याची नजर दाराकडे होती.

"डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?"

"नाही."

बाईंनी कागदावर खूण केली आणि उठून आतल्या दाराचा खटका काढला. पाऱ्याची बायको कडेच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अहो, ग्रीलच्या कारखान्यातलं सांगा त्यांना."

पाऱ्यानं तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाला, "ते काही नाही. जुनं आहे. चला, मी तयार आहे."

"काय जुनं आहे?" बाईंनी विचारलं.

 मग बायकोनंच सांगितलं. लग्नाआधी तो आपल्या थोरल्या भावाच्या हाताखाली खिडक्यांच्या जाळ्या बनवायच्या कारखान्यात ग्राइंडर चालवत होता. एकदा ठिणग्यांबरोबर काहीतरी डाव्या डोळ्यात उडालं. भावानं पापणी उलटी करून पाहिली, फडक्यानं पुसलं, पाणी मारलं आणि घरी आईला सांगू नकोस म्हणाला. डोळा थोडे दिवस लाल होता, मग बरा झाला. लग्नानंतर नव्या नवलाईत त्यानं ही गोष्ट तिला मोठ्या फुशारकीनं सांगितली होती.

बाईंनी आतल्या दाराचा खटका पुन्हा लावला. आज होणार नाही, म्हणाल्या. आधी डोळ्याचा एक्स-रे.

पाऱ्याचा तोल गेला. इतक्या माणसांपुढे तो बायकोवर ओरडला. "तुला कुणी विचारलं होतं? तुझा डोळा होता का तो? आता पुन्हा रांग लावू मी?" बाहेर बसलेल्या लोकांनी माना वर केल्या.  बायकोनं टोपलीतल्या त्याच्या वस्तू एकेक करून पर्समध्ये भरल्या, अंगठीसुद्धा.

एक्स-रे लगेच झाला. एकदा डोळे वर करून, एकदा खाली करून. मग दोघं व्हरांड्यात थांबली, ती बसून, तो काठी टेकत या टोकापासून त्या टोकाला. बऱ्याच वेळानं बाईंनी त्यांना आत बोलावलं. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांनी फिल्म पाहिली होती. डोळ्याच्या खोबणीच्या करड्या सावलीत एक पांढरा ठिपका होता. रव्याच्या कणाएवढा. डोळे वर केले की वर जात होता आणि खाली केले की खाली.

पारा वाकून बघत राहिला. मग त्यानं विचारलं, आत गेलो असतो तर काय झालं असतं?

"कदाचित काहीच नाही," बाई म्हणाल्या. "कदाचित तो कण आतल्या आत सरकला असता आणि डोळा गेला असता. त्यातलं कोणतं, ते आधी सांगता येत नाही."

बसस्टॉपवर दोघं अंतर ठेवून उभी होती. पारा म्हणाला, "तसं लेव्हल बघायला एकच डोळा लागतो. दुसरा आम्ही मिटूनच घेतो." त्याच्या परीनं ती माफी होती. बायकोला ते कळलं, पण ती हसली नाही. घरी आल्यावर तिनं पर्समधून त्याची अंगठी काढून त्याच्यासमोर ठेवली आणि कामाला लागली. बोलणं सुरू व्हायला पुढं काही दिवस गेले.

नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून तपासलं. तो कण अगदी डोळ्याला लागून रुतला होता आणि वर्षानुवर्षं निवांत होता. नजर स्वच्छ होती. ते म्हणाले, त्याला छेडू नका, पण जन्मात कधी एमआरआय करू देऊ नका. पाऱ्यानं ते ऐकून घेतलं. त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं, की आता गुडघ्यातलं कुणालाच कधी दिसणार नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले की दुसरी वाट आहे. सांध्यात सुईनं रंगद्रव्य सोडायचं आणि मग सीटी स्कॅन करायचा. ते द्रव्य फाटलेल्या जागेत शिरतं आणि फट उठून दिसते. त्यात चुंबक नाही. पण त्यालाही थांबावं लागणार होतं.

थांबणं हेच तर त्याला जमत नव्हतं. एके दिवशी बायको कामाला गेल्यावर तो काठी घेऊन सरळ मेहुण्याच्या कामावर पोचला. तिथं मेहुणा एकटाच जिन्याच्या वळणावर फरशी लावत होता. पारा दोन पायऱ्या चढला, तिसरीवर पाय वळवला आणि गुडघा अडकला. तो भिंतीला धरून खाली सरकला. मेहुणा थापी टाकून आला. त्याला वाटलं, आता सुटेल. सुटेना. त्यानं पाऱ्याची टाच एका हातानं आणि मांडी दुसऱ्या हातानं धरली आणि पाय सरळ करायला गेला. एका जागेपर्यंत पाय आला आणि तिथं थांबला. दुखून आखडलेला पाय वेगळा लागतो. इथं आत काहीतरी आड आलं होतं, पाचर मारल्यासारखं. मेहुण्याच्या हातांना ते कळलं. त्यानं पुन्हा एकदा, अगदी हळू, करून पाहिलं. तेच.

तो पायरीवर पाऱ्याशेजारी बसला. त्याच्या हाताला माल लागलेला होता, तो तसाच वाळत होता.

"असंच झालं होतं का त्या दिवशी?" त्यानं विचारलं.

"असंच."

 गुडघा सुटेपर्यंत मेहुणा बसून राहिला, मग काम अर्धवट टाकून पाऱ्याला घरी घेऊन आला. आणि सीटी स्कॅनच्या दिवशी कुणी न सांगता दारात हजर झाला.

त्या दिवशी पाऱ्यानं प्रत्येक प्रश्नाला सविस्तर उत्तर दिलं, इतकं की डॉक्टरांनीच त्याला आवरलं. गुडघ्याच्या कडेनं सुई गेली, द्रव्य आत सुटलं. आत काहीतरी भरत आहे असं त्याला जाणवलं, दुखलं कमी आणि विचित्र जास्त वाटलं. द्रव्य सगळीकडे पसरावं म्हणून पाय वाकवायला आणि सरळ करायला लावला. मग त्याला त्या मोठ्या कड्यासारख्या यंत्रात पाय घालून झोपवलं. दवाखान्यातल्या त्याच तंत्रज्ञ बाई होत्या. त्यांनी काचेपलीकडून सांगितलं की हलू नका. उजवा पाय त्यानं दगडासारखा ठेवला, पण डाव्या पायाचा अंगठा ताल धरल्यासारखा हलत होता. बाई आत आल्या आणि काही न बोलता त्यांनी दोन्ही पाय मिळून पट्ट्यानं बांधले.

संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरांनी तिघांना संगणकासमोर उभं केलं. हाडं पांढरी होती, द्रव्यही पांढरं होतं आणि त्यांच्यामध्ये गादीची करडी कोर. ती कोर आतल्या बाजूला उभी चिरली होती आणि चिरलेला तुकडा उलटून सांध्याच्या मध्यावर येऊन पडला होता. दोन्ही टोकं चिकटलेली, मधला भाग सुटा. बादलीची कडी असते ना, ती एका बाजूची दुसऱ्या बाजूला पडते, तशी, असं डॉक्टर म्हणाले. ती कडी इकडून तिकडे गेली की गुडघा अडकतो, परत गेली की सुटतो.

पारा पडद्याच्या इतका जवळ गेला की डॉक्टरांना मागं सरकावं लागलं. "म्हणजे होतं," तो म्हणाला. मग वळून मेहुण्याकडे बघून पुन्हा एकदा, हळू आवाजात, "होतं."

मेहुण्यानं मान खाली घातली. पाऱ्याच्या बायकोनं डोळे पुसले आणि शस्त्रक्रिया कधी होईल ते विचारलं.

ती झाली. दुर्बिणीनं, दोन बारीक छिद्रांतून. तुकडा शिवता येईल अशी डॉक्टरांना आशा होती, पण इतके महिने सांध्यात चेचून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या, त्यामुळं कापून काढावा लागला. गादीचा जो भाग उरला तो पातळ होता. चालणं, जिने, ओझं, सगळं जमेल, डॉक्टर म्हणाले, पण दिवसभर गुडघ्यांवर बसणं आता नाही. पाऱ्यानं विचारलं, अर्धा दिवस? डॉक्टर नाही म्हणाले. तासभर? डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं.

ते दिवस वाईट गेले. गुडघा बरा होत होता आणि पारा उतरत होता. फरशीवर नजर गेली की तो तोंड फिरवायचा. एकदा चोरून कुणाच्या तरी घरी अर्ध्या खोलीची फरशी लावून आला. त्या रात्री गुडघा टम्म सुजला आणि बायकोनं पँटच्या गुडघ्यावरचा पांढरा डाग पाहिला. ती भांडली नाही. तिनं एवढंच विचारलं की पुन्हा सुईची वेळ आली तर तो दवाखान्यात कुणाबरोबर जाणार. त्यानंतर त्यानं असं केलं नाही, निदान आम्हाला कळेल असं तरी नाही.

वाट मेहुण्यानंच काढली. भिंतीच्या फरशा उभ्यानं लावतात. त्यानं भिंती पाऱ्याकडे दिल्या आणि जमीन स्वतःकडे घेतली. पाऱ्याला ते आधी अपमानाचं वाटलं. भिंत म्हणजे शिकाऊ माणसाचं काम, असं तो आयुष्यभर म्हणत आला होता. पण भिंतीपुढे सरकायला, मागं जाऊन बघायला, पुन्हा पुढं यायला मोकळीक होती. हळूहळू त्याचा हात बसला. गुडघा पुन्हा अडकला नाही. थंडीत ठणकतो, जिना उतरताना तो कठडा धरतो, एवढंच.

भांडणं आहेतच. मेहुणा सावकाश आहे आणि पारा त्याच्या पाठीशी उभा राहून फरशांवर काठीच्या टोकानं टकटक करत पोकळ आवाज शोधतो. परवा मी त्यांच्या कामावर गेलो होतो, तेव्हा हेच चाललं होतं. कोपऱ्यातली एक फरशी पाऱ्याला खटकली आणि बघायला तो खाली वाकायला लागला. मेहुण्यानं मान वर न करता पायानं रंगाचा एक रिकामा डबा त्याच्याकडे ढकलला. पारा डब्यावर टेकला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "सूतभर खाली आहे."

"नाहीये."

"आहे."

मेहुण्यानं लेव्हल लावून बघितली. मग थापी घालून फरशी उचकटली. तोवर पारा उठून पलीकडच्या खोलीत गेलाही होता आणि तिथून माल कुठंय म्हणून विचारत होता.